दहावीआधी फाईल, अठराव्या वर्षी खोली: ख्रिस्ती बालगृहातल्या मुलांना पदवीपर्यंत कसं न्यावं

आमच्या बोर्डिंगातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत घालताना खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती. गुरुजींनी पहिलीत बसवण्यापुरती एक टाकली आणि तीच आयुष्यभराची झाली. केक एकदाच आणावा लागतो, एवढाच त्यातला फायदा. तोटा कळतो तो अठराव्या वर्षी. बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, प्रवेशाच्या फेऱ्या तोंडावर असतात आणि नेमक्या त्याच १ जूनला मुलगा सज्ञान होतो. कायद्याच्या नजरेत त्याचा बालगृहातला मुक्काम त्या दिवशी संपतो. इतर घरांत ज्या महिन्यात आईबाप मुलाला घेऊन कॉलेजं पालथी घालत असतात, त्याच महिन्यात आपला मुलगा ट्रंक आवरत असतो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका मिशन बोर्डिंगच्या मोठ्या मुलांचं काम मी बरीच वर्षं बघतो आहे. पाळकसाहेब, मंडळीतले पंच, अधीक्षक आणि देणगी द्यायची इच्छा असलेले लोक मला एकच प्रश्न विचारतात: एका मुलाच्या शिक्षणाला किती पैसे लागतील? पैसा लागतोच, पण माझ्या अनुभवात तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. पहिली अडचण कागदांची आणि दुसरी माणसाची. म्हणून हा लेख कागदांपासून सुरू होतो.

सगळ्यात आधी: तुमची संस्था नोंदणीकृत आहे का?

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. सरकारी अनुदान घेत असा वा नसा. नोंदणी न करणाऱ्याला कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याकडे अनेक जुनी बोर्डिंगं शाळेचं वसतिगृह म्हणून चालत आली. खेड्यातला पाळक मुलगा आणून सोडायचा, रजिस्टरात नाव लागायचं, बस. त्या काळात ते चालून गेलं. आज अशा मुलाला मोठेपणी भुर्दंड पडतो, कारण तो बालकल्याण समितीच्या आदेशाने संस्थेत आलेला नसतो. आदेश नाही म्हणजे तो संस्थेत वाढला याचा सरकारदरबारी पुरावा नाही आणि पुढच्या बहुतेक सवलती त्या पुराव्यावर उभ्या आहेत. असा मुलगा आज सातवी-आठवीत असेल तर आत्ताच त्याला समितीपुढे न्या. संस्थेला चार बोलणी बसतील, ती ऐकून घ्यावीत.

आठवी ते दहावी: फाईल

प्रत्येक मुलाची एक जाड फाईल करा आणि ती आठवीतच उघडा. दहावीनंतर उशीर होतो.

सुरुवात नावापासून. शाळेच्या जनरल रजिस्टरात, आधारवर आणि समितीच्या आदेशात नाव अक्षरशः एकसारखं असलं पाहिजे, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. आमच्या एका मुलाचं नाव शाळेत ‘येशुदास’ आणि आधारवर ‘यशोदास’ होतं. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर त्याचा अर्ज तीनदा परत आला, वर्ष गेलं ते गेलंच. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेतली दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. बोर्डाचं प्रमाणपत्र छापून आलं की तीच दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते.

मग जन्माचा दाखला. नोंद झालेलीच नसेल तर उशिराच्या नोंदीची प्रक्रिया करावी लागते. जन्माला वर्षाहून जास्त काळ लोटला असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या पातळीवर आलं आहे. वयाचाच वाद असेल तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ९४ लागू होतं: आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर स्थानिक संस्थेने दिलेला जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.

अधिवास प्रमाणपत्र, मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं (दहा वर्षांवरच्या मुलाला ते स्वतः चालवता येतं) आणि खात्याला आधारची जोडणी ही कामं कंटाळवाणी असली तरी सुट्टीत उरकता येतात. एक सूचना मात्र मनावर घ्या. मोबाइल नंबर अधीक्षकांचा देऊ नका. अधीक्षक बदलतात, ओटीपी जुन्या अधीक्षकांच्या फोनवर जात राहतो आणि ते तेव्हा नागपूरला असतात.

अनाथ प्रमाणपत्र: खरी किल्ली

महाराष्ट्रात अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. त्याचा पहिला शासन निर्णय एप्रिल २०१८ चा. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांची स्पर्धा परीक्षेतली निवड प्रवर्गाच्या कागदावर अडली. त्या थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेल्या आणि तिथून हा विषय हलला. पुढे २०२१ मध्ये आणि ६ एप्रिल २०२३ रोजी निर्णय सुधारले गेले. आता ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ अशा दोन वर्गवाऱ्या आहेत. संस्थेत वाढलेला तो पहिल्या वर्गात, नातेवाइकांकडे वाढलेला दुसऱ्या.

अर्ज संस्थेमार्फत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाच्या विभागीय उपायुक्तांकडून मिळतं. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, समितीचा आदेश, शाळेचा दाखला, गृहचौकशीचा अहवाल असं सगळं जोडावं लागतं. मृत्यूचे दाखले मिळवणं सगळ्यात चिवट काम, कारण ऊसतोडीला गेलेला बाप कोणत्या तालुक्यात वारला हेच कधीकधी ठाऊक नसतं. त्यासाठी एक माणूस दोन-तीनदा गावी पाठवायची तयारी ठेवा. पत्र पाठवून हे होत नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगून टाकतो. ‘अनाथाश्रम’ म्हणून जिथे लोक नाताळला केक घेऊन येतात, तिथली बरीच मुलं या व्याख्येत अनाथ नसतात. कुणाची आई जिवंत असते, पण आजारी किंवा दुसऱ्या घरी गेलेली. कुणाचा बाप दारूत बुडालेला. बाल न्याय अधिनियमातली अनाथाची व्याख्या ऐसपैस आहे, पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही असं मूलही तिच्यात बसतं. आरक्षणाचं प्रमाणपत्र मात्र दोन्ही पालक वारलेल्यांसाठी आहे. ‘आई वारली असं लिहून टाकू’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. देणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. खोटा कागद मुलाच्या नोकरीच्या पडताळणीत उघडा पडतो आणि तेव्हा मुलगा तिशीला आलेला असतो. अशा मुलाला उत्पन्नाच्या दाखल्यावरच्या योजना आहेत: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना, जातीचा पुरावा असेल तर त्या त्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून होतात.

धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

ख्रिस्ती संस्थेत राहतो म्हणून मुलगा ख्रिस्ती होत नाही. ही गोष्ट आपल्याच लोकांना सांगताना मला जास्त त्रास होतो. मुलगा संस्थेत आला तेव्हा त्याच्या कागदावर जो धर्म होता तोच राहतो. मोठा झाल्यावर त्याने स्वतः ठरवलं तर गोष्ट वेगळी. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी किंवा ख्रिस्ती कॉलेजातल्या अल्पसंख्याक कोट्यासाठी घाईघाईने बाप्तिस्म्याचा दाखला काढून देण्याचा मोह होतो. त्याचा परिणाम फार दूरवर जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे तीस हजारांच्या शिष्यवृत्तीसाठी दिलेला दाखला मुलाचा अख्खा प्रवर्ग बदलू शकतो. अनुसूचित जमातीच्या बाबतीत तशी धर्माची अट नाही.

जी मुलं खरोखर ख्रिस्ती कुटुंबातली आहेत, त्यांच्यासाठी मात्र अल्पसंख्याक कोटा जरूर वापरा. नगरला डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये उभं केलेलं अहमदनगर कॉलेज, मुंबईत विल्सन आणि सेंट झेवियर्स अशी दारं आहेत. पाळकाचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला दहावीतच फाईलला लावून ठेवा.

कोणता अभ्यासक्रम?

१८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नगर-सोलापूर भागातल्या मिशनांनी अनाथ मुलांना सुतारकाम, विणकाम शिकवलं. हाताला धंदा लावून द्यायचा, हा त्यामागचा विचार. आज आपण दुसऱ्या टोकाला गेलो आहोत, प्रत्येक मुलगा इंजिनीयर झाला पाहिजे. देणगीदाराला ‘आमचा मुलगा इंजिनीयरिंगला आहे’ असं सांगायला आवडतं, हेही एक कारण आहे आणि ते काही मोठं चांगलं नाही.

माझा कल दहावीनंतरच्या पदविकेकडे आहे, म्हणजे पॉलिटेक्निककडे. तीन वर्षांत हातात काहीतरी येतं. पुढे शिकायचं असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला प्रवेश मिळतो. नाही जमलं तरी नोकरी लागते. मुख्य म्हणजे मुलगा सोळाव्या वर्षी त्या वातावरणात जातो. दोन वर्षं अजून बालगृहाच्या छत्राखाली असतो, बाहेरच्या जगाची सवय लागते आणि अठरा येतात तेव्हा तो निम्म्याच्या पुढे पोचलेला असतो. बारावी सायन्सला नेमकं उलटं होतं: सगळे ताण एकाच जूनमध्ये कोसळतात.

नर्सिंगचा विचार मुलं करत नाहीत, ‘पोरींचं काम’ म्हणून नाक मुरडतात. त्यांना एकदा मिशन हॉस्पिटलात नेऊन आणा. मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलपासून आपल्याकडे रुग्णसेवेची मोठी परंपरा आहे. पुरुष नर्सला अतिदक्षता विभागात आणि ऑपरेशन थिएटरात मागणी असते, बाहेरदेशीही असते. आयटीआय, हॉटेल मॅनेजमेंट, समाजकार्य, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम हेही पर्याय मांडा. कमवत शिकणाऱ्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते कमी प्रतीचं समजू नका.

आणि सेमिनरी, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण. मुलगा उपासनेत गिटार चांगली वाजवतो आणि बारावीला पंचेचाळीस टक्के पडले, की बोर्डिंगच्या कमिटीतला कुणीतरी म्हणतो, ‘याला बायबल कॉलेजला टाका, खर्चही कमी.’ पाचारण, म्हणजे देवाने सेवेला बोलावणं, हा गुण कमी पडलेल्यांसाठीचा कोटा नाही. मुलाने स्वतः, दोन वर्षं बाहेर काढून, पुन्हा तीच इच्छा सांगितली तर आनंदाने पाठवा.

प्रवेश आणि फी: एक चूक महाग पडते

८ जुलै २०२४ चा उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा शासन निर्णय बहुतेकांना ‘मुलींना मोफत शिक्षण’ म्हणून माहीत आहे. त्याच निर्णयात अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. अनाथ म्हणजे वर सांगितलेल्या २०२३ च्या निर्णयातले, संस्थात्मक आणि संस्थाबाह्य दोन्ही. ही ओळ कॉलेजातल्या क्लार्कलाही अनेकदा ठाऊक नसते. निर्णयाची प्रत छापून मुलाच्या पिशवीत ठेवा.

अट अशी की व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला सवलत नाही, खासगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. मी हे पाहिलं आहे: एका सज्जन देणगीदाराने ओळखीने, मोठ्या मनाने, एका खासगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळवून दिली. पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या धंद्यात मंदी आली. फेरीतून मिळणारं कॉलेज थोडं साधं होतं, पण तिथे चारही वर्षांची फी माफ झाली असती.

प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरताना ‘अनाथ’ हा पर्याय निवडायला विसरू नका. कधीकधी मुलंच तो सोडून देतात. सायबर कॅफेत शेजारी मित्र बसलेला असतो, त्याच्यासमोर तो शब्द निवडायची लाज वाटते. म्हणून फॉर्म बोर्डिंगच्या ऑफिसात, दार लावून, शांतपणे भरा.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘स्वनाथ’ शिष्यवृत्ती अनाथ विद्यार्थ्यांसाठी आहे. परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतल्या पदवी किंवा पदविकेसाठी वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, पदवीला जास्तीत जास्त चार वर्षं आणि पदविकेला तीन. ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही, तेव्हा कोणती जास्त फायद्याची हे आधी कागदावर मांडा. आईवडील करोनात गेले असतील (११ मार्च २०२० नंतर), तर त्या मुलाचं नाव पीएम केअर्सच्या मुलांसाठीच्या योजनेत आधीच लागलं होतं का ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. त्या योजनेत २३ व्या वर्षी १० लाख रुपये मिळतात. ‘पैसे मिळणार आहेत’ हे मुलाला सतराव्या वर्षी सांगायचं की नाही, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. मी सांगतो. बाविसाव्या वर्षी दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

अठरावं वर्ष

सज्ञान झालेल्या मुलाला लहान मुलांबरोबर त्याच इमारतीत ठेवता येत नाही. ‘राहू दे की, कोण बघतंय’ म्हणू नका. बालगृहाची नोंदणी धोक्यात येते आणि धाकट्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा आहे.

कायद्यात यासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक मदत देता येते. २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत अनुरक्षण मिळू शकतं. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपये धरले आहेत. मुलगा सतरा वर्षांचा झाला की त्याचा वैयक्तिक संगोपन आराखडा काढा, पुढे काय शिकणार आणि कुठे राहणार हे त्यात लिहा आणि अनुरक्षणाचा अर्ज बालकल्याण समितीकडे द्या. वाढदिवसानंतर गेलात तर ‘हा आता आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळू शकतं. आणि हप्ता महिन्याच्या महिन्याला येईल असं धरून मेस लावू नका. तीन महिन्यांचे पैसे संस्थेने हाताशी ठेवावेत.

राहण्याचे तीन मार्ग आहेत. सरकारी अनुरक्षण गृह, पण ते मुलाच्या कॉलेजच्या गावी असेलच असं नाही. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं, ज्यांत २ टक्के जागा अनाथांसाठी असतात. पहिल्या आठवड्यातच अर्ज करा. तिसरा आणि माझ्या आवडीचा मार्ग म्हणजे कॉलेजच्या गावी भाड्याचं घर, सहा-आठ मुलांचं. कायद्याच्या नियमांतही अशा गटनिवासाची कल्पना आहे. एक मोठा मुलगा, शेवटच्या वर्षातला, घरप्रमुख. स्वयंपाक आळीपाळीने. घरमालकाला आधीच खरं सांगा, भाडेकरार संस्थेच्या नावाने करा, पोलीस पडताळणी करून घ्या. ‘अनाथ मुलं’ ऐकून तीन घरमालक नाही म्हणाले, चौथी एक निवृत्त शिक्षिका भेटली. तिच्याकडे आमची मुलं सहा वर्षं राहिली.

पैशाचा हिशोब

फी माफ झाली तरी जेवण माफ होत नाही. आमच्या वहीत पुण्यातल्या एका मुलाचा महिना असा मांडलेला आहे: खोलीतला वाटा ३,५००, मेस ३,५००, बस ७००, फोन ३००, साबण-औषध-कटिंग ५००. झाले ८,५००. गावागणिक आकडे बदलतील. वर्षाचे १,०२,०००. देणगीदार नेहमी दहा महिन्यांचा हिशोब धरतात, कारण त्यांची स्वतःची मुलं मे महिन्यात आणि दिवाळीत घरी जेवतात. आपला मुलगा बाराही महिने मेसवरच जेवतो. शिवाय सुरुवातीचा एकरकमी खर्च: डिपॉझिट, गादी, लॅपटॉप, पुस्तकं, चष्मा. चष्मा हसण्यावारी नेऊ नका. अकरावीपर्यंत फळा दिसत नाही हेच न सांगितलेली मुलं मी पाहिली आहेत.

‘एक देणगीदार, एक मुलगा’ ही पद्धत मला पटत नाही. देणगीदाराला फोटो हवा असतो, पत्र हवं असतं, मार्कशीट हवी असते. मुलाला ते ओझं होतं, नापास झाला की तो फोन उचलत नाही. सगळा पैसा एका शिक्षण निधीत घ्या आणि तिथून सगळ्यांना द्या. देणगीदाराला वर्षातून एकदा निधीचा हिशोब द्या, मुलाची नावनिशी नको. अठरा वर्षांखालच्या मुलाचा चेहरा, नाव, शाळा माध्यमांत उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘या अनाथ लेकरासाठी मदत करा’ म्हणून फोटो टाकणारे बंधुभगिनी प्रेमानेच टाकतात, पण थांबवा.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एक फरक समजून घ्यावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्ट बदलला असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं) असेल, तर ती विदेशी देणगी होते. ती घ्यायला संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. अशी नोंदणी असलेली एक संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही, २०२० पासून ते बंद आहे. ‘भावाच्या खात्यात टाकतो, तो तुम्हाला देईल’ हा मार्ग संस्थेला अडचणीत आणतो.

शैक्षणिक कर्ज शेवटी ठेवा. बँक सहअर्जदार म्हणून पालक मागते आणि तिथेच गाडी अडते. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर २०२४ अखेर मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. एरवी अधीक्षकांनी भावनेच्या भरात व्यक्तिशः सही करू नये.

माणूस

प्रत्येक मुलामागे एक माणूस नेमा. समिती नको, माणूस हवा. मंडळीतला, पण बोर्डिंगच्या व्यवस्थापनातला नसलेला, आणि शक्यतो कॉलेजच्याच गावचा. कॉलेजच्या फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ म्हणून त्याचंच नाव लागेल. रात्री दोनला अपेंडिक्स दुखायला लागलं तर तोच जाईल. काम फार नाही: आठवड्याला एक फोन, महिन्याला एक जेवण घरी. आणि पाच वर्षं टिकायचं. उत्साहात हो म्हणून सहा महिन्यांत गायब होणाऱ्यापेक्षा सुरुवातीलाच नाही म्हणणारा परवडला, कारण ही मुलं आधीच बऱ्याच जणांकडून सुटलेली असतात. पडताळणी मात्र करा: पोलीस दाखला घ्या, दोन माणसांकडे चौकशी करा. मंडळीतला आहे म्हणून सूट नाही.

त्या माणसाला तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. पहिली, सुट्ट्या. दिवाळीत वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते आणि मुलगा ‘मित्राकडे जातोय’ म्हणून सांगतो. बरेचदा तो स्टँडवर वडापाव खाऊन दिवस काढतो. ऑक्टोबरमध्येच विचारा, कुठे जाणार. नाताळला बोर्डिंगात जुन्या मुलांसाठी पंगत ठेवा, भेट द्यायला म्हणून बोलवा, राहायला नव्हे.

दुसरी, एटीकेटी. मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या सत्रात एक-दोन विषयांत राहतोच. घरचा मुलगा आईजवळ रडतो, आपला सांगतच नाही. त्याला वाटतं संस्था मदत बंद करेल. पहिल्याच दिवशी लेखी द्या: एक वर्ष वाया गेलं तरी राहणं-जेवण चालू राहील, दुसऱ्यांदा झालं तर बसून बोलू. निधीत त्या एका वर्षाची तरतूद खरोखर करा, कारण शिष्यवृत्त्या सहसा नापास वर्षाला पैसे देत नाहीत.

तिसरी, नातेवाईक. अठरानंतर मुलगा आपलं गाव शोधायला जातो. कधी काका उगवतो, जमिनीचा तुकडा निघतो, कधी आईच सापडते. त्याला जाऊ द्या, पण एकट्याला नको.

मंडळीला येण्याची सक्ती करू नका. रविवारी उपासनेला आला नाही म्हणून त्या महिन्याचे पैसे अडवले, असं एका ठिकाणी मी पाहिलं. तो मुलगा पुन्हा कधीच कुठल्या मंडळीत दिसला नाही.

शेवटचं वर्ष आणि नंतर

नोकरीच्या मुलाखतीआधी पासपोर्ट काढून घ्या. जन्मतारखेचा दुसरा पुरावा नसलेल्या अनाथ मुलासाठी संस्थाप्रमुखाचं पत्र चालतं, हा नियम डिसेंबर २०१६ पासून आहे. नोकरी लागल्यावर पहिले तीन महिने राहण्याची सोय चालू ठेवा. पगार महिनाअखेरीला येतो आणि डिपॉझिट महिन्याच्या सुरुवातीला लागतं. पहिल्या पगारातून संस्थेला देणगी मागू नका. देणारे आपणहून देतात, काही जण दहा वर्षांनी देतात.

मूळ फाईल त्याच्या हातात द्या, सही घेऊन. संस्थेची प्रत स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक बोर्डिंगच्या आवाराबाहेर असू दे. गेल्या वर्षी पस्तिशीचा एक जण मुलीच्या शाळाप्रवेशासाठी स्वतःचा दाखला मागायला आला. आमच्या कपाटातले त्या वर्षांचे कागद वाळवीने खाल्ले होते. शाळेत जनरल रजिस्टर शिल्लक होतं म्हणून निभावलं. नाव सापडलं, त्यापुढे जन्मतारीखही होती: १ जून.